सरसाच्या रंगातली वैनगंगा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नाही, दाराचाही नाही. मी फोटोवाल्याचा पडदा आहे. लोक माझ्यापुढे ताठ उभे राहत, फोटो काढून घेत आणि घरी नेऊन भिंतीला लावत. पाहणाऱ्याला वाटे, ही माणसं मोठ्या सुंदर ठिकाणी जाऊन आलेली दिसतात. म्हणजे खोटं बोलणं हा माझा धंदाच होता. तेव्हा या गोष्टीत कुठे थोडं वाढवून सांगितलेलं आढळलं, तर धंद्याची सवय समजा. पण पाण्याचं जे सांगेन, ते खरं आहे. ते माझ्या अंगावरून गेलं आहे.

माझा जन्म आरमोरीचा, साल एक्याण्णव. वहाबभाई म्हणून एक फोटोवाले होते. सायकलवर क्यामेरा बांधून ते बाजारोबाजार, जत्रोजत्री फिरत. त्यांची बायको कनीजबाई. तिनं मांजरपाटाचे चार पट्टे जोडून मला शिवलं. दहा फूट लांब, आठ फूट उंच. वर एक बांबू, खाली एक बांबू. मग मला नेलं डोमा पेंटरकडे.

हा डोमा आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवायचा. महाल, जंगल, रस्ता, तुरुंग असे चार पडदे त्याला डोळे मिटून यायचे. त्याची रंगाची रीत अशी, की बाजारातली भुकटी घ्यायची, सरस उकळायचा आणि त्यात भुकटी कालवून फासायची. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याहाडांपासून काढलेला डिंक. रंग कापडाला धरून ठेवतो, वाळला की दगडासारखा होतो, पण पाणी लागलं की पुन्हा पातळ. डोमाला त्याचं काही वाटत नसे. आमच्याकडे नाटकं होतात हिवाळ्यात, भात घरात आल्यावर. तेव्हा पाणी येतंय कशाला? त्यानं जन्मभर कोरड्या दिवसांचेच पडदे रंगवले होते. मी उन्हापावसात फिरणार आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

वहाबभाईंनी सांगितलं, "डोमाभाऊ, मार्कंड्याचं देऊळ पाहिजे. पुढं वैनगंगा पाहिजे."

डोमा मार्कंड्याला कधी गेला नव्हता. पण तसं सांगेल तर तो पेंटर कसला? "आपल्या डोळ्यासमोर आहे," तो म्हणाला. तीन दिवसांत त्यानं मला सजवलं. उंच देऊळ, निळं आभाळ, निळी नदी. नदीत त्यानं कमळं काढली, कारण त्यानं उभ्या आयुष्यात पाणी पाहिलं होतं ते गावच्या तलावातलं. एका डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, वल्हं धरलेला माणूस बसवला. काठावर नारळाची दोन झाडं काढली, कारण नारळाशिवाय सीन उठत नाही असं त्याचं मत होतं. वर आभाळात थोडी जागा उरली, तिथं विमान काढलं.

कनीजबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "मार्कंड्यात इमान कुठून आलं जी?"

"जाऊन राह्यलं थे," डोमा म्हणाला. "थांबत नाई तिथी."

मित्रांनो, माझे चांगले दिवस तेव्हापासून सुरू झाले. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत वहाबभाई मला वाळूत उभं करत. खरं देऊळ माझ्या पाठीमागे अगदी जवळ असे, पण लोक त्याच्याकडे पाठ करून माझ्यापुढे रांग लावत. नवरानवरी येत, शेंडीवाले पुजारी येत, पोलीसदादा टोपी नीट करून येत. एकदा एक बगळा खरंच माझ्या नदीत उतरायला आला आणि चोच आपटून परत गेला. एका बकरीनं खालच्या टोकाचं कमळ खाल्लं. तिला दोन दिवस निळं दूध येत होतं म्हणतात. मी काही पाहिलं नाही.

मला जपायचं काम कनीजबाईचं. खताच्या पोत्यांच्या आतलं प्लास्टिक जोडून तिनं माझ्यासाठी लांब पिशवी शिवली होती, बाहीसारखी अरुंद. काम झालं की मला बांबूवर गुंडाळायचं आणि त्या बाहीत सरकवायचं. घडी कधी घालू द्यायची नाही. आभाळात ढगाचा तुकडा दिसला की ती म्हणे, "अजी, गुंडाळा पहिले. फोटो मंग."

आता मी तुम्हाला अठ्ठ्याण्णव सालची सहल सांगतो.

आरमोरीजवळच्या एका गावात मच्छीमारांची बारा घरं होती. गावचा तलाव त्यांच्या सोसायटीकडे. त्यांच्यात बापूजी हे सगळ्यात मोठे. बापूजींना आभाळ कळतं, असा त्यांचा लौकिक होता. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर बसून ते पाणी बघत. मासा कसा उडतो, किती वर येतो, तोंड कुठे करतो, ते पाहून सांगत, उद्या पाणी येणार किंवा नाही. उन्हाळ्यात तलावाचं मोठं जाळं पडे, तो दिवस बापूजीच ठरवत. त्या दिवशी पाणी आलं तर वाळायला टाकलेली मासळी सडणार आणि बारा घरांची मेहनत वाया जाणार. म्हणून जाळ्याचा दिवस सांगायचा मान हा गावात लहान मान नव्हता. बापूजींनी तो पंचवीस वर्षं सांभाळला होता.

हा मान आपल्याला मिळावा असं एकाला फार वाटे. तो बापूजींचा चुलतभाऊ पत्रू. जीभ अशी, की तिला विळ्यासारखी धार.

त्या वर्षी सोसायटीनं ठरवलं, आपण इथं जन्म काढला पण आपला मुलूख पाहिला नाही. दोन दिवस फिरून येऊ. पहिल्या दिवशी ताडोबा, दुसऱ्या दिवशी मार्कंडा. मॅटॅडोर ठरली, प्रत्येक घरातून एक माणूस ठरला; बापूजींच्या घरातून मात्र बायको आणि सूनही निघाल्या. फोटो पाहिजेत म्हणून वहाबभाई आणि कनीजबाईला बोलावलं. अर्थात मलाही.

मार्कंड्याची जत्रा उलटून आठ दिवस झाले होते. दिवस कोरडे, पण दुपारी आभाळ जरा मळकट दिसू लागलं होतं. वहाबभाई स्वतः विचारायला गेले, "बापूभाऊ, पाणी तर येणार नाई ना? माझा पडदा सरसाचा आहे. पाणी लागलं की खतम."

बापूजी पाळीवर जाऊन आले. म्हणाले, "मासा खाली बसून आहे. चार दिवस पाण्याचा थेंब नाई."

त्यांची बायको गोकुळाबाई पडवीतून म्हणाली, "अजी, तरी छत्र्या घेऊन घेऊ. सुनेजवळ लेकरू आहे."

"छत्री नेली का आभाळाले वाटते, आपल्यालेच बोलावलं," बापूजी म्हणाले. "एकानं बी छत्री घ्यायची नाई. गाडीवर ताडपत्री बी नाई. लोकाईले मुलूख दिसला पाहिजे का ताडपत्री?"

पत्रू पाळीवरून त्यांच्या मागोमाग आला होता. तो म्हणाला, "अन् पाणी आलं त, भाऊ?"

बापूजींनी सगळ्यांदेखत सांगितलं, "या दोन दिवसांत पाणी आलं, त अवंदा जाळ्याचा दिवस तू सांगजो. मी तोंड नाई उघडणार."

मित्रांनो, झालं. बोललेलं परत घेता येत नाही, आणि पत्रूसारखा साक्षीदार असला तर मुळीच नाही.

पहाटे आम्ही निघालो. मी गाडीत आडवा, माझ्या प्लास्टिकच्या बाहीत. बापूजींची सून जया माझ्यावरच पाय ठेवून बसली होती, मांडीवर तिची पाच महिन्यांची रोशनी. ताडोबाच्या फाटकाशी पोचेपर्यंत आभाळ खाली आलं होतं. जंगलात शिरलो आणि बारीक झिमझिम सुरू झाली.

पत्रूनं हात बाहेर काढला, तळवा ओला करून बापूजींपुढे धरला. "भाऊ, हे काय होय?"

"दव होय," बापूजी म्हणाले.

"दुपारी बारा वाजता?"

"जंगलातलं दव उशिरा पडते. झाडं उंच आहेत. वरून खाली येईपर्यंत टाइम लागते का नाई?"

गाडीत कोणी हसलं नाही, पण गोकुळाबाईनं पदर तोंडावर घेतला. तलावापाशी उतरले तर समोर तलाव दिसेना, नुसता पांढरा धूर. वाघ तर सोडाच, एक भिजलेलं वानर तेवढं दिसलं, आणि तेही आमच्याकडे असं बघत होतं की हे कुठले येडे आले. माझी बाही कनीजबाईनं सोडूच दिली नाही. पहिल्या दिवशी एकही फोटो निघाला नाही. लोकांचे कपडे अंगाला चिकटले होते. पत्रू मात्र खूश होता. दर अर्ध्या तासानं तो विचारी, "भाऊ, आता?" आणि बापूजी म्हणत, "धुकं गळून राह्यलं," किंवा "वारा ओला आहे." पाणी हा शब्द त्यांच्या तोंडून काढायला पत्रूनं दिवसभर जंग जंग पछाडलं. नाही म्हणजे नाही.

माझ्या मते बापूजींना खरं काय ते तेव्हाच कळलं होतं. त्यांची मान जरा खाली गेली होती. पण पंचवीस वर्षांचा मान असा झिमझिमीत कोण सोडतो?

दुसऱ्या दिवशी मार्कंड्याला पोचलो आणि काय सांगू, लख्ख ऊन. बापूजी गाडीतून असे उतरले, जसं ऊन त्यांनीच सोबत आणलं होतं. "काय पत्रू? आता काय होय हे?"

"ऊन होय," पत्रू कडू तोंडानं म्हणाला.

देवदर्शन झालं. मग मच्छीमार मंडळी ती, नदी दुरून पाहून त्यांचं समाधान होईना. त्या दिवसांत वैनगंगेचं पात्र म्हणजे नुसती वाळू, पाण्याची धार पार पलीकडे. बापूजी पुढे, बाकीचे मागे, अशी सगळी वाळू तुडवत धारेपाशी गेली. देऊळ मागे लहान दिसू लागलं. तिथंच वहाबभाईंनी मला उभं केलं. कनीजबाईनं बाही काढून वाळूत ठेवली.

माझ्याकडे बघून मंडळींमध्ये चर्चा सुरू झाली.

"वहाबभाई, हे कोणती नदी होय?"

"वैनगंगाच होय ना."

"वैनगंगेत कमळ? हे आमचं बोडीतलं, तलावाचं पाणी होय. नदीचं पाणी असं झोपून राह्यते काय?"

"अन् या डोंग्यातला माणूस पहा. वल्हं उलटं धरलं लेकानं. बुडते हा."

मी ऐकून घेतलं. सात वर्षांत मला पुजारी, पोलीस, मास्तर कोणी नावं ठेवली नव्हती. मच्छीमारांनी पाच मिनिटांत माझी ऐट उतरवली. तरी फोटोसाठी सगळे उभे राहिलेच. गोकुळाबाईनं कुंकू नीट केलं. बापूजी मधे, विमानाच्या बरोबर खाली. वहाबभाई क्यामेऱ्यावर वाकले. आणि त्यांना क्यामेऱ्याच्या काचेत काळं काही तरी दिसलं.

ते माझ्या पाठीमागून आलं, नदीच्या वरच्या अंगानं. आधी थंड वारा. मी शिडासारखा फुगलो. मग वाळूत टप, टप. मग एक गार गोकुळाबाईच्या पायाजवळ पडली. नारळाएवढी. बरं, लिंबाएवढी. बरं बाबा, आवळ्याएवढी होती. पण आवळाही डोक्यात उंचावरून पडला की कळतं.

"गुंडाळा! गुंडाळा!" कनीजबाई ओरडली. वहाबभाईंनी एका बाजूचा खुंटा उपटला. मला गुंडाळून बाहीत घातलं की मी वाचणार होतो. हे काम आम्ही शंभर वेळा केलं होतं. बारा श्वासांत व्हायचं.

पण बाकी सगळे उघड्यावर. झाड नाही, झोपडी नाही. देवळाचा आसरा इतका दूर की पळत गेलं तरी डोकी फुटावी. छत्री एकही नाही. जयानं रोशनीला छातीशी धरून वर पाठ केली होती. तिच्या पाठीत गारा बसत होत्या आणि ती दर गारेला "माय वो" म्हणत होती. पोर रडत होती.

"मामाजी!" ती सासऱ्यांना, बापूजींना म्हणाली. "पोरीले लागून राह्यलं जी!"

पत्रूनं दोन्ही हात डोक्यावर धरले होते. सवयीनं का कशानं, पण त्या वेळीही त्याच्या तोंडून निघालं, "भाऊ, हे काय होय?"

बापूजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग अर्ध्या गुंडाळलेल्या माझ्याकडे पाहिलं, वहाबभाईंच्या तोंडाकडे पाहिलं. माझं काय होणार हे त्यांना माहीत होतं. वहाबभाईंनीच त्यांना सांगून ठेवलं होतं.

"पाणी होय," ते ओरडले. "पाणी होय, गारा होय! माझं चुकलं रे! वहाबभाई, तुमचा पडदा द्या. मी मागून राह्यलो. लेकरासाठी द्या."

वहाबभाई जागच्या जागी थांबले. मी म्हणजे त्यांची चूल होतो. माझ्यावाचून जत्रेत त्यांच्याकडे कोण येणार? त्यांचे हात बांबूवर होते, आणि ते हात मला कळतात. ते ना गुंडाळत होते ना सोडत होते.

कनीजबाईनं त्यांची वाट पाहिली नाही. तिनं दुसऱ्या बाजूच्या दोरीची गाठ दातानं ओढली. ज्या बाईनं सात वर्षं माझ्यावर दवाचा थेंब पडू दिला नाही, तिनं मला उलगडलं आणि जयाच्या डोक्यावर टाकलं.

"या सगळे आत!" ती म्हणाली. "बांबू धरा. पत्रूभाऊ, तुम्ही उंच आहा, तिकडून धरा!"

सोळा माणसं आणि एक लेकरू माझ्याखाली. एका बांबूला बापूजी आणि वहाबभाई, दुसऱ्याला पत्रू आणि कनीजबाई. गारा माझ्या पाठीवर आदळत होत्या, आणि मग पाणी सुरू झालं, खरोखरीचं. सरस विरघळू लागला. आधी आभाळ गेलं. मग नारळ गेले, देऊळ गेलं, नदी गेली. माझं सगळं जे होतं ते माझ्याखाली उभ्या असलेल्या माणसांवर गळू लागलं.

दुखलं का, असं तुम्ही विचाराल. गारा लागल्या. रंगाचं म्हणाल तर, नाही. कातडं उतरतंय असं वाटलं होतं, पण ते ओझं उतरल्यासारखं होतं. हे मी धंद्याच्या सवयीनं बोलत नाही.

मध्येच गोकुळाबाई म्हणाली, "अजी, तुमच्या धोतरावर इमान उतरलं."

एवढ्या गारांत कोणीतरी खुदकन हसलं. मग पत्रू हसला. मग बापूजीसुद्धा.

पाव तासात सगळं थांबलं. मला बाजूला केलं तेव्हा वाळू पांढरी झाली होती, मीठ पसरल्यासारखी. एकेकाचे चेहरे पाहण्यासारखे होते. गोकुळाबाईचा अर्धा गाल निळा. पत्रूच्या टकलावर देवळाचा गेरू. वहाबभाईंच्या दाढीत कमळाचा गुलाबी. जयाच्या पाठीवर चार निळे वळ उठले होते, ते रंगाचे नव्हते. रोशनी मात्र कोरडी. आईच्या पदरात तिला झोप लागली होती.

आणि समोर देऊळ होतं. सात वर्षं मी त्याच्यापुढे आडवा उभा राहून ते झाकत आलो होतो. आता मी वाळूत पडलेलो, मळक्या पंच्यासारखा, आणि ऊन बरोबर त्याच्या शिखरावर. वहाबभाईंनी क्यामेरा शर्टाखाली धरून वाचवला होता. त्यांनी सगळ्यांना उभं केलं, तोंडं न धुता. एकच फोटो काढला. तसा फोटो त्यांच्याकडून आधी कधी निघाला नव्हता, नंतरही नाही. सोसायटीच्या खोलीत अजून आहे तो. काळापांढरा आहे, त्यामुळे रंग दिसत नाहीत. सगळ्यांना देवीचे फोड आल्यासारखं दिसतं.

परतीच्या वाटेवर बापूजी गावाजवळ आल्यावर म्हणाले, "तलावात अवंदा कलकत्त्याकडचं बीज टाकलं. परक्या मुलखाचे मासे थे. त्यांइले इथलं आभाळ काय समजणार? पण माझ्या ध्यानात यायले पाह्यजे होतं. माझंच चुकलं." आणि पत्रूकडे वळून म्हणाले, "जाळ्याचा दिवस तू सांगजो."

उन्हाळ्यात जाळ्याची वेळ आली. सगळे पाळीवर जमले. पत्रू मधे उभा राहिला, कमरेवर हात. आभाळ बघितलं, पाणी बघितलं, पुन्हा आभाळ बघितलं. बारा घरं त्याच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तो मागे बसलेल्या बापूजींकडे गेला आणि त्यांच्या शेजारी उकिडवा बसला.

"भाऊ, मले काही समजून नाई राह्यलं."

"मले बी पुरतं नाई समजत," बापूजी म्हणाले. "परवा जमेल असं वाटते. पण ताडपत्र्या आणून ठेवू."

असं ते पंचवीस वर्षांत कधी म्हणाले नव्हते. तेव्हापासून जाळ्याचा दिवस दोघं मिळून ठरवू लागले, आणि ताडपत्र्या जवळ असत. लोक बापूजींना पहिल्यापेक्षा जास्त विचारू लागले. "नाई समजत" असं म्हणणाऱ्या माणसाचं "समजते" मोलाचं वाटतं.

माझं काय झालं? सोसायटीवाल्यांनी डोमाला धरून आणलं आणि मला पुन्हा रंगवून घेतलं. या खेपेला चार मच्छीमार त्याच्या डोक्याशी उभे होते. कमळ काढू दिलं नाही, वल्हं सरळ करायला लावलं. विमान मात्र त्यानं सोडलं नाही. त्या रंगावर मी आणखी चार-पाच जत्रा केल्या. मग आरमोरीत रंगीत फोटोचं दुकान आलं, लोकांना पडदा नकोसा झाला. वहाबभाईंचे गुडघे गेले. मी घराच्या आढ्यावर पडून राहिलो. उंदरांनी माझ्या एका कोपऱ्यात संसार मांडला. एकदा मला घडी घालून पेटीत कोंबलं, तेव्हा घडीघडीवर रंगाला भेगा पडल्या. आता कनीजबाईनं मला सोसायटीला दिलं आहे. खोलीत जाळी ठेवतात, त्यांच्यापुढे मी आडोसा म्हणून टांगलेला असतो. तिथंच लस टोचतात, त्या दिवशी तुमच्यासारखी लेकरं येतात आणि माझ्या विमानाला बोट लावून बघतात.

लावा, पण हात ओला नको. आणि मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा रंगवलेला जुना कपडा असेल, तर त्याची घडी घालू नका, काठीवर गुंडाळून ठेवा, वर्षातून एकदा सावलीत उघडा. एवढं माझ्यासारख्यांसाठी. माणसांसाठी एकच सांगतो. कधी कोणी मोठं माणूस तुमच्यादेखत म्हणालं, माझं चुकलं, तर हसू येईल. येऊ द्या. पण आधी त्याच्या डोक्यावर काहीतरी धरा, आणि हसायचं ते त्याच्याच शेजारी उभं राहून हसा.